समेट आणि सलोखा : हैदराबाद प्रश्नातील शांतता-यंत्रणांचे परीक्षण

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील ३३ व्या कलमात वाद मिटविण्याचे मार्ग सांगताना वाटाघाट, चौकशी, मध्यस्थी, समेट, लवाद इत्यादींची नामावली दिलेली आहे. हे शब्द एकाच ओळीत आले म्हणून समानार्थी ठरत नाहीत. मध्यस्थीस तिसरा पक्ष लागतो; समेट दोन पक्षांच्या संमतीने होतो; आणि मराठीत ज्यास सलोखा म्हणतात, तो सह्यांनी सिद्ध होत नाही. एका गावात नांदणाऱ्या माणसांच्या नित्य व्यवहारातच तो दिसावा लागतो. हा भेद ध्यानी ठेवून १९४७-४८ च्या हैदराबाद प्रश्नाकडे पाहिले, तर शांततेसाठी उभारलेल्या राजकीय यंत्रणांचे सामर्थ्य आणि मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात. भोकरदन हा त्या काळी निजामी राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यातील, वऱ्हाडच्या सीमेलगतचा तालुका होता. १९८१ पासून तो जालना जिल्ह्यात मोडतो. अशा तालुक्यातील रहिवाशास या यंत्रणांचा काय उपयोग झाला, हाच प्रस्तुत परीक्षणाचा निकष होय.

पहिली यंत्रणा २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे-थे करारातून निर्माण झाली. या करारान्वये उभय पक्षांनी परस्परांकडे प्रतिनिधी नेमावयाचे होते, आणि वाद उद्भवल्यास लवादाची तरतूदही होती. भारताचे एजंट जनरल म्हणून क. मा. मुनशी १९४८ च्या आरंभी हैदराबादेस गेले. 'रेसिडेंट' हे जुने पदनाम टाळण्यात आले, परंतु नाव बदलल्याने कार्याचे स्वरूप बदलतेच असे नाही. मुनशी एका पक्षाचे प्रतिनिधी होते, तटस्थ मध्यस्थ नव्हते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींतही त्यांनी तसा आव आणलेला नाही. इकडे कासीम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकारांचे अत्याचार वाढत गेले, आणि लवादाचे कलम कागदावरच राहिले.

दुसरी यंत्रणा म्हणजे सुरक्षा परिषद. हैदराबादने २१ ऑगस्ट १९४८ रोजी परिषदेकडे तक्रार नोंदविली. परिषदेने पॅरिस येथे ती १६ सप्टेंबरला विचारार्थ घेतली, तेव्हा भारतीय सैन्य निजामी हद्दीत शिरून तीन दिवस झाले होते. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली व २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेतली. येथे इंडोनेशियाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९४७ च्या जुलैत डच सरकारने तेथे केलेल्या लष्करी चढाईस 'पोलीस कारवाई' असेच नाव दिले होते. त्या चढाईविरुद्ध परिषदेत दाद मागणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाबरोबर भारतही होता. परिषदेने तेथे सदिच्छा समिती नेमली आणि जानेवारी १९४८ मध्ये तिच्या साक्षीने करारही झाला. तो पुढे मोडला, हे खरे. परंतु समिती घटनास्थळी होती. दोन्ही प्रसंग राजकीय दृष्ट्या समान नाहीत : एकीकडे वसाहतवादी सत्ता होती, दुसरीकडे बहुसंख्य प्रजेस नकोसा झालेला राजा. तथापि शब्दाचे कार्य दोन्हीकडे एकच होते. 'पोलीस' म्हटले की प्रश्न अंतर्गत ठरतो, आणि अंतर्गत प्रश्नात राष्ट्रसंघाने हस्तक्षेप करू नये असे सनदेचेच दुसरे कलम सांगते.

तिसरी यंत्रणा आंतरराष्ट्रीय नव्हती. पण सलोख्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. कारवाईनंतर मुसलमान रहिवाशांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या पाहणीसाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृतींचे सदिच्छा मंडळ नेहरूंनी पाठविले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडले. मृतांचा त्याचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता, आणि झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत औरंगाबादचाही निर्देश होता. रझाकारांच्या जुलमाचीही मंडळाला जाण होती. परंतु शासनाने हा अहवाल दीर्घकाळ प्रसिद्ध केला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीतील नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहता येऊ लागला.

तिन्ही यंत्रणांचे वैगुण्य निरनिराळे आहे. मुनशींना प्रत्यक्ष ठाव होता, तटस्थता नव्हती. परिषदेस तटस्थ व्यासपीठ होते, ठाव नव्हता. सुंदरलाल मंडळास ठाव व न्यायबुद्धी दोन्ही होती, पण वाचा नव्हती. रझाकारांनी कोणाचीही मध्यस्थी मानली नसती, हा आक्षेप बहुधा खरा आहे. निजामी सत्तेचा अंत इष्ट होता, याविषयीही दुमत नाही. मात्र तो आक्षेप समेटापुरता लागू पडतो, सलोख्यास नव्हे; कारण सलोख्याचे कार्य युद्धबंदीनंतरच सुरू होते. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा 'मुक्तिसंग्राम दिन' म्हणून पाळला जातो, आणि बोलीत त्याच काळाला नुसते 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. एका शब्दात सुटकेची आठवण आहे, दुसऱ्यात काहींच्या बाबतीत भीतीचीही. दोहोंना सामावणारी भाषा सार्वजनिक लेखनात अद्याप रुळलेली नाही. जे कार्यालय सत्य गोळा करते, पण ते ज्यांचे आहे त्यांना सांगत नाही, त्याने शांतता राखली असे म्हणता येईल. सलोखा साधला असे म्हणता येणार नाही.