आसावरीचं काम

‘श्वास’वर लिहिणारे बहुतेक जण आजोबा आणि नातू यांच्यावर लिहितात. साहजिक आहे. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्या चेहऱ्यांवरून नजर हलत नाही. २००४ साली आलेला हा संदीप सावंत यांचा पहिलाच चित्रपट, माधवी घारपुरे यांच्या कथेवर बेतलेला. ‘श्यामची आई’नंतर पन्नासेक वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते याच्यामुळे. मी तो चारेकदा पाहिला असेन. अलीकडे मात्र माझं लक्ष सारखं जातं ते अमृता सुभाषने केलेल्या आसावरीकडे. ती रुग्णालयातली समाजसेविका. पोस्टरवर तिला फारशी जागा नाही.

गोष्ट आपल्याला माहीत असते. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग झालाय, रेटिनोब्लास्टोमा. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. डॉक्टर साने म्हणतात, मुलाला हे आधी सांगायला हवं. पण आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि सोबत आलेला दिवाकर मामा गोंधळलेला.

इथे सिनेमाने एक फार चांगली गोष्ट केली आहे: डॉक्टरला खलनायक केलेलं नाही. संदीप कुलकर्णींचे साने कोरडे आहेत, घाईत आहेत आणि बरोबर आहेत. त्यांचं म्हणणं वैद्यकाच्या दृष्टीने चोख आहे, पण समोरच्या म्हाताऱ्यापर्यंत ते पोचतच नाही. दोन माणसं एकाच मुलाचं भलं चिंततात आणि तरी त्यांचं एकमेकांशी बोलणं होत नाही, हा या चित्रपटातला खरा पेच. आजार असाध्य आहे की नाही हा पेच नाहीच, त्याचं उत्तर लवकरच मिळालेलं असतं. आसावरी उभी राहते ती या दोघांच्या मधल्या जागेत. तिच्याकडे औषध नाही, अधिकार नाही. डॉक्टरकडे नसलेला वेळ तेवढा तिच्याकडे आहे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एका टीमचं काम दुसरीकडे जाताना जे सांडतं, त्याचा दोष नेमका कोणाचा हे कधीच ठरत नाही. आसावरीची नोकरी म्हणजे ते सांडलेलं उचलणं.

ही नोकरी चित्रपटासाठी रचलेली नाही. मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था १९३६ साली सुरू झाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. भारतातली पहिली वैद्यकीय समाजसेविका १९४६ साली मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात नेमली गेली. म्हणजे करुणा ही डॉक्टरच्या स्वभावावर सोडून भागत नाही, तिच्यासाठी टेबल, खुर्ची आणि पगार लागतो, हे कोणाला तरी तेव्हाच कळलं होतं.

आणि माझी तक्रार इथेच सुरू होते. आसावरी बोलते, समजावते, धीर देते. पण तिच्यासारख्यांचा दिवस जातो कागदांत. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, ट्रस्टकडे अर्ज, राहण्याची सोय. आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मोठं दुखणं म्हणजे परळ, टाटा किंवा केईएम. पहाटेच्या लोकलमध्ये, अपंग आणि कर्करुग्णांसाठी राखीव डब्यात, मांडीवर फाइल घट्ट धरून बसलेली माणसं दिसतात. आम्हाला निदान रात्री घरी परतता येतं. कोकणातून किंवा विदर्भातून आलेल्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ‘श्वास’मध्ये पैसा आणि मुक्काम हे प्रश्न कथेच्या कडेला राहतात. त्यामुळे भावना स्वच्छ दिसते, पण थोडी हलकी होते. आमच्या सोसायटीत एका काकांची केमो चालू होती, तेव्हा कोणी कोणत्या मंगळवारी सोबत जायचं याचा तक्ता जिन्यातल्या फलकावर लावला होता. माणुसकी मला त्या तक्त्यात जास्त दिसली. रजा कापली गेली म्हणून कुरकुरणारेही त्यात होते, आणि तरी ते गेले.

चित्रपटाचा कळसाध्याय म्हणजे शस्त्रक्रियेआधी आजोबा नातवाला घेऊन नाहीसे होतात तो. नजर जाण्याआधी त्याने शहर डोळे भरून पाहावं एवढंच त्यांना हवंय. प्रेक्षक आजोबांच्या बाजूने असतो. मी त्या वेळी सान्यांच्याही बाजूने असतो, कारण गाठ थांबत नाही, आणि शस्त्रक्रियागृहाच्या यादीत खाली आणखी कोणाचं तरी मूल असतं. उपचार मोडणारा माणूस त्या मुलावर सर्वांत जास्त प्रेम करणारा आहे, हे पचवणं सोपं नाही. सान्यांचा राग निवळतो तो मला जरा लवकर वाटतो. पण त्यांना जे उमगतं ते खरं आहे: आजोबांनी केलं तेही उपचारातच धरायला हवं होतं, वेळापत्रकात त्याला जागा हवी होती. ती कोणी मागितली नाही, म्हणून आजोबांनी न विचारता घेतली.

एक गंमत राहिलीच. हा चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला तेव्हा अमेरिकेतल्या प्रसिद्धीसाठी महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली, शाळकरी मुलांनीसुद्धा. एका आजारी मुलाच्या गोष्टीने जागी झालेली माया आधी त्या गोष्टीच्याच प्रवासखर्चाला गेली. त्यात वाईट काही नाही. मला फक्त एवढंच वाटतं की त्यातल्या किती जणांनी नंतर परळच्या फुटपाथवर पथारी टाकलेल्या कुटुंबांकडे पाहिलं असेल.

शेवटी होडीतून परशा घरी येतो. डोळ्यांवर काळा चष्मा, काठावर रडणारं घर, आणि तो मात्र ओळखीच्या आवाजांनी हरखलेला. दृश्य उत्तम आहे. पण दोन्ही डोळ्यांतला रेटिनोब्लास्टोमा बहुतेकदा आनुवंशिक असतो. परशाला आयुष्यभर तपासण्यांना यावं लागणार, घरात धाकटं भावंड असेल तर त्याचेही डोळे तपासावे लागणार. कृत्रिम डोळे, अंधशाळा, एसटीचा पास. होडी किनाऱ्याला लागते तेव्हा शहरात आसावरीच्या टेबलावर परशाची फाइल अजून उघडीच असणार.