स्मरण आणि सत्य : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

आपल्या स्मरणसभांतून मृत व्यक्ती निर्दोष ठरते आणि म्हणूनच अनोळखी होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) यावर उत्तम उतारा आहे. रेव्ह. टिळक १९१९ मध्ये प्रभूकडे गेले. पण त्यांचा शीघ्रकोप, अव्यवहारीपणा आणि १८९५ च्या त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना सोसावा लागलेला दीर्घ वियोग, यांतले काहीच या लेखणीने झाकले नाही. तिच्यात कटुता नाही, अंधभक्तीही नाही. मात्र विनोदाआडचे दुःख वाचकाला स्वतःच ओळखावे लागते. पौलाने थेस्सलनीकाकरांना शोक नव्हे, आशाहीन शोक वर्ज्य केला. ज्याने आपला मृत प्रियजन देवाच्या दयेवर सोपविला, त्याला त्याचे दोष लपविण्याची गरज नाही. शोकाकुल घरी गेलेल्या उपदेशकाने म्हणूनच आधी खरी आठवण ऐकून घ्यावी, मग सांत्वन करावे.