गोरेपणाची परिभाषा : एक चिकित्सा

2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे ‘ग्लो अँड लव्हली’ असे नामांतर झाले. जाहिरातींत ‘गोरेपणा’ऐवजी ‘तेज’ आले. परंतु वर्णालाच गुण मानणारी दृष्टी तशीच राहिली. तिची किंमत 2023 मध्ये अकोल्यात उघड झाली. 1998 पर्यंत धनज ज्या जिल्ह्यात मोडत असे, तोच हा जिल्हा. स्थानिक ब्युटीशियनकडील क्रीम वापरणाऱ्या एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत क्रीममध्ये पारा आढळला. पारा रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून त्वचा उजळते. तोच त्वचेतून रक्तात उतरून मूत्रपिंडास बाधतो. 2020 च्या नियमांनुसार अशा प्रसाधनात अनवधानाने आलेला पारा दशलक्षात एक भागापेक्षा अधिक चालत नाही. तथापि, कायदा पाऱ्याचे प्रमाण ठरवू शकतो, सौंदर्याचे नव्हे. ते बदलण्याचे दायित्व घराचे आणि वर्गखोलीचेच होय.