गिटहबची पारदर्शकता: दुसऱ्यांची पत्रं उघड, स्वतःची कारणं?

गिटहबने एखादा कोड काढला, तर तो का काढला हे आपल्याला वाचता येतं का? उत्तर आहे, कधी कधी. कंटेंट मॉडरेशनवर संशोधन करायचं असेल, तर हे 'कधी कधी' आधी समजून घ्या.

चांगली बाजू आधी. गिटहबची 'डीएमसीए' नावाची सार्वजनिक रिपॉझिटरी आहे. अमेरिकन कॉपीराइट कायद्याखाली आलेल्या नोटिसा, खासगी तपशील झाकून, तिथे ठेवल्या जातात. याचा उपयोग काय, ते 2020 मध्ये दिसलं. 23 ऑक्टोबरला आरआयएए या संगीत कंपन्यांच्या संघटनेने नोटीस पाठवली आणि यूट्यूब-डीएल हे व्हिडिओ डाउनलोड करायचं टूल बंद झालं. नोटीस उघड असल्याने कोणालाही ती वाचून तपासता आली. ईएफएफच्या वकिलांनी तिच्यातले कच्चे दुवे दाखवले. 16 नोव्हेंबरला प्रोजेक्ट परत आला.

आता दुसरी केस. मार्च 2021 मध्ये एका सुरक्षा संशोधकाने मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधल्या त्रुटीचा वापर कसा होतो हे दाखवणारा कोड टाकला. काही तासांत तो गायब! गिटहबचं म्हणणं होतं की या त्रुटीचा गैरफायदा त्या वेळी प्रत्यक्ष घेतला जात होता, म्हणून नियमभंग. हे कारण बिनबुडाचं नव्हतं. पण 2018 पासून गिटहबची मालकी मायक्रोसॉफ्टकडेच आहे, म्हणजे आरोपी आणि न्यायाधीश एकाच घरातले. आणि इथे कॉपीराइटची नोटीस नव्हती, त्यामुळे त्या रिपॉझिटरीत शोधून काही मिळणार नव्हतं. टीका झाल्यावर गिटहबने नियमांचा मसुदा चर्चेला ठेवला आणि जूनमध्ये नियम बदलले, हे मान्य करायला हवं.

माझा आक्षेप इथेच आहे. निर्णय बाहेरच्या तक्रारीवरून झाला, तर आपल्याला अख्खं पत्र मिळतं. निर्णय स्वतःच्या नियमांवरून झाला, तर पारदर्शकता अहवालातला एक आकडा मिळतो. जिथे कंपनीचा स्वतःचा विवेक पणाला लागतो, तिथेच पुरावा सगळ्यात कमी. अशा निर्णयांसाठीही नाव झाकून तीन गोष्टी देता येतील: कोणता नियम लावला, माणसाने पकडलं की यंत्राने, आणि अपिलाचं काय झालं.

तोपर्यंत आपली जबाबदारी? डीएमसीए रिपॉझिटरी क्लोन करायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे मोह होतो. पण त्यावरच्या पेपरला 'गिटहबवरील मॉडरेशन' असं नाव देऊ नका. 'प्रकाशित कॉपीराइट नोटिसा' म्हणा. शिवाय नोटीस म्हणजे दावा, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. तशीच कोडिंग शीटमध्ये नोंदवा. नाहीतर कंपनीने जे दाखवायचं ठरवलं, तेवढ्यालाच आपण 'वास्तव' म्हणून मोकळे होऊ.