क्रो लोकांतील ख्रिस्ती मिशन : कागद आणि तोंडची साक्ष

अमेरिकेंतील मोंटाना राज्यांतल्या क्रो लोकांनीं आपल्या धर्मजीवनाविषयीं सांगितलेल्या हकिकती मार्क क्लॅटरबक यांनीं ‘क्रो जीझस’ (२०१७) या ग्रंथांत एकत्र केल्या आहेत. तोंडच्या शब्दास पुरावा मानण्यास आम्ही सहसा कचरतों. येथें मात्र तो नियम थोडा सैल करावा लागतो.

१८८७ सालीं बिगहॉर्न नदीकांठीं जेझुइटांनीं सेंट झेवियर मिशन स्थापिलें. पाद्री प्रांदो यांनीं क्रो भाषा आत्मसात केली, उर्सुलिन मठवासिनींनीं वसतिशाळा चालविली. हा वृत्तांत मुख्यतः मिशनऱ्यांच्याच लिखाणांतून येतो. मूल शाळेंत आलें हें त्यांत कळतें. आईच्या मनांत काय होतें तें कळत नाहीं. लॉज ग्रास येथें १९०३ सालीं बाप्टिस्ट पाद्री पेट्झोल्ट आले, ते तेथील लोकांच्याच मागणीवरून. मुलें दूरच्या वसतिशाळेंत न जातां घरीं राहून शिकावींत, हा त्या लोकांचा हेतु. ज्यास आपण सरसकट धर्मांतर म्हणतों त्याच्या मुळाशीं असा व्यवहारही असतो! पुढें १९४१ सालीं शोशोनी पद्धतीनें सूर्यनृत्याचा विधि पुन्हा सुरू झाला, तरी त्यांत जाणाऱ्या अनेकांनीं चर्च सोडलें नाहीं. हें कोडें अशा कथनांवांचून उलगडणें कठीण.

आमचा आक्षेप एकच, पण लहान नव्हे. एकविसाव्या शतकांतील आठवण ही १८८७ ची साक्ष नव्हे. कोणीं, कोणाकडून, केव्हां ऐकलें हें पाहून प्रत्येक कथन मिशनच्या दप्तराशीं ताडावें लागतें, आणि तें काम येथें बहुतांशीं वाचकावर पडतें. बखरींस आम्ही हेंच पथ्य लावतों; येथें सूट देण्याचें कारण दिसत नाहीं.