'उपवास', 'उपाशी' आणि रक्तवायूंचे मापन

अन्नग्रहणाचा रक्तातील वायूंच्या दाबावर व पीएचवर कोणता परिणाम होतो, ह्या विषयाच्या मराठी विवेचनात शास्त्रापेक्षा शब्दच अधिक घोटाळा करतात. प्रस्तुत टिपणात अशा तीन शब्दांचा परामर्श घ्यावयाचा आहे.

पहिला शब्द 'आम्लता'. जेवणानंतर आम्लता वाढते, असे आपण सहज म्हणतो. ते जठरापुरते खरे आहे. रक्तात नेमके उलट घडते. जठराच्या पेशी जठररसात हायड्रोजन आयन सोडतात, तेव्हा त्यांच्या मोबदल्यात बायकार्बोनेट रक्तात उतरते. रक्त काही काळ किंचित अल्कधर्मी होते आणि कार्बन डायऑक्साइडचा दाबही थोडा चढतो. पुढे स्वादुपिंड आतड्यात बायकार्बोनेट सोडते व तोल पूर्ववत होतो. निरोगी माणसात हा फरक अल्प असतो, पीएच ७.३५ ते ७.४५ आणि दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा ह्या मर्यादा सहसा ओलांडल्या जात नाहीत. तेव्हा कोठली आम्लता, हे न सांगता तो शब्द योजणे सदोष होय.

दुसरा शब्द 'क्षार'. ह्या घटनेस इंग्रजीत भरतीची उपमा दिलेली आहे. भरतीमागून ओहोटी येतेच, म्हणून ती उपमा मराठीतही शोभते. परंतु 'क्षारभरती' म्हटल्यास वाचकाच्या मनात मीठ उभे राहते. कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणाऱ्या पदार्थास क्षार म्हणतात. 'अल्कभरती' हा शब्द त्याहून निर्दोष वाटतो.

तिसरा शब्द सर्वांत फसवा आहे. 'उपाशी' हे 'उपवासी' ह्याचेच मराठी रूप. तथापि दोहोंच्या वाटा आज भिन्न आहेत. उपाशी माणूस काही खात नाही. उपवास करणारा साबुदाण्याची खिचडी खातो, आणि भाषेच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकत नाही. शरीराच्या दृष्टीने मात्र अंतर मोठे आहे. साबुदाणा म्हणजे बहुतांशी पिष्ट. पिष्टाच्या ज्वलनात जितका ऑक्सिजन खर्च होतो, तितकाच कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. हे प्रमाण १ होय. दीर्घकाळ निराहार राहिल्यास शरीर मेद जाळू लागते व प्रमाण ०.७ कडे झुकते. शिवाय कीटोआम्ले वाढून बायकार्बोनेट काहीसे घटते. म्हणजे 'उपवास करून या' ह्या एका सूचनेतून दोन भिन्न शारीरिक अवस्था एकाच रकान्यात नोंदल्या जाण्याचा संभव आहे.

नेहमीच्या रक्तवायू-तपासणीस उपाशी राहण्याची अट सामान्यतः नसते. मग हा शब्दच्छल कशासाठी, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असे की, रुग्णाच्या तपासणीत मोठे फेरफार शोधावयाचे असतात, तर निरोगी माणसांच्या अभ्यासात शोधावयाचा फरकच सूक्ष्म असतो. सूचनेतील संदिग्धता त्या फरकाहून मोठी ठरली, तर यंत्र कितीही अचूक असो, निष्कर्ष व्यर्थ होय. म्हणून सूचनापत्रात 'उपवास' हा शब्द टाळावा आणि 'अमुक तास पाण्याखेरीज काहीही घेऊ नये' असे स्वच्छ लिहावे.