कारणासह परत

बँकेत चेक परत करायचा म्हणजे नुसता परत करून भागत नाही. त्याला एक चिठ्ठी जोडावी लागते. चिठ्ठीवर कारणं आयती छापलेली असतात, आम्ही कारकून मंडळींनी फक्त योग्य कारणापुढे खूण करायची. शिल्लक अपुरी. सही जुळत नाही. अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम यांत फरक. ज्याचा चेक परत गेला तो गृहस्थ काउंटरवर येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करो, पण घरी जाताना त्याला एवढं नक्की ठाऊक असतं, की दुरुस्त काय करायचं आहे. साहित्यातल्या, संगीतातल्या थोर टीकाकारांनी माझ्यावर रागावू नये, पण समीक्षेचं अख्खं शास्त्र त्या चिठ्ठीत आहे असं माझं बी.कॉम. मत आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे आमचं फोटोवाल्यांचं टोळकं. आमच्या देऊळगाव राजाची ख्याती बालाजीमुळे. पण दर रविवारी संध्याकाळी एका चहाच्या हॉटेलात जी आरती चालते ती एकमेकांची असते. दोन मास्तर, एक औषधवाले, एक कंत्राटदार, खतांच्या दुकानात कामाला असलेला एक पोरगा आणि अस्मादिक. आठवडाभरात जो तो खडकपूर्णेच्या धरणावर नाहीतर लोणारला जाऊन येतो आणि काढलेले फोटो टेबलावर फिरतात. फोटोबरोबर भजीही फिरत असल्यामुळे निसर्गाला थोडं तेल लागतं.

आता अभिप्राय ऐका. औषधवाले प्रत्येक फोटोला "वा!" म्हणतात. खोकल्याच्या प्रत्येक पेशंटला एकच बाटली द्यावी तसं. कंत्राटदार "कॅमेरा कोणता?" असं विचारतात आणि उत्तर ऐकून मान हलवतात. त्यांची स्वतःची लेन्स बोअरच्या पाइपाएवढी आहे. थोरले मास्तर मात्र नियमाचे. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडायचे आणि मुख्य वस्तू त्या रेघांवर ठेवायची, हा त्यांचा वेद. हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज गृहस्थानं 1797 साली चित्रांबद्दल लिहून ठेवला. तेव्हा कॅमेऱ्याच्या फोटोचा जन्मही व्हायचा होता. नियम वाईट नाही. पण मास्तर रेघा मोजतात आणि रेघेवर बसलेल्या बगळ्याकडे पाहायचं विसरतात.

या तिन्ही अभिप्रायांत चिठ्ठी कुठंच नाही. "वा!" ऐकून पोरगा पुढच्या रविवारी तस्साच फोटो आणणार. "जमलं नाही" ऐकून कदाचित आणणारच नाही. "खडकपूर्णेचं पाणी डाव्या बाजूनं सांडतंय, बादली लावू का?" असं म्हटलं की तो हसतो आणि पुढच्या वेळी क्षितिज सरळ धरतो. टोचायचं, पण नेमकं कुठं टोचलं ते दिसलं पाहिजे. इंजेक्शन देणाऱ्याला हे कळतं, टीका करणाऱ्याला कळत नाही.

लोणारचंच घ्या. 2020 च्या जूनमध्ये त्या सरोवराचं पाणी खरोखर गुलाबी झालं होतं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे सूक्ष्म जीव माजले, असं तपासणीत निघालं. पुढे रंग ओसरला, पण आमच्या मंडळींच्या फोटोतून तो काही जाईना. धाकट्या मास्तरांनी परवा आणलेलं लोणार तर लग्नातल्या सरबतासारखं होतं. ही केस सरळ आहे : अक्षरी रक्कम आणि आकडी रक्कम यांत फरक. शिवाय ते विवर काठापासून काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरच्या वर आहे आणि फोटोत दिसत होतं ताटलीएवढं. खाली पाण्याकाठचं कमळजा देवीचं देऊळ चौकटीत घेतलं असतं, तर पाहणाऱ्याला माप मिळालं असतं. मी एवढंच म्हणालो. मास्तर रुसले, पण देऊळ कुठून नीट दिसतं हे निघताना हळूच विचारून गेले.

आणि रुसायचं तरी कशाला? अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स म्हणून निसर्गाच्या फोटोंचे महर्षी होऊन गेले. 1941 साली हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर उगवलेला चंद्र त्यांनी टिपला. प्रकाश मोजायचं यंत्र ऐन वेळी सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजावरून हिशेब केला. फोटो जगभर गाजला, तरी गडी पुढची कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हच्या नव्या प्रती काढत होता आणि आकाश अधिकाधिक काळं करत होता. म्हणजे त्यांनी स्वतःच स्वतःचा चेक पुनःपुन्हा परत पाठवला. आमच्याकडे कोजागरीला काढलेल्या चंद्राला, "भाऊ, हा ज्वारीचा दाणा आहे का?" असं विचारलं तरी अबोला.

पण एक प्रकरण ज्वारीच्या दाण्याइतकं हलकं नव्हतं. मे महिन्यात खताच्या दुकानातल्या त्या पोरानं टिटवीचा फोटो आणला. पंख पसरलेले, चोच उघडी, डोळ्यांत अंगार. औषधवाल्यांचा "वा!" चक्क दोनदा आला. कंत्राटदारांनीसुद्धा कॅमेरा विचारला नाही.

मी विचारलं, "किती वेळ होतास रे तिथं?"

"अर्धा तास, काका. दुपारचं ऊन झकास होतं. जरा जवळ गेलं की अशी पंख पसरते पाहा!"

त्याला ती टिटवीची अदा वाटली होती. टिटवी उघड्या जमिनीवर, ढेकळांत अंडी घालते, बहुधा चार. आपल्याकडच्या मे महिन्यात ती त्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. ती अर्धा तास आपल्यावर ओरडत राहिली, तर तिकडे तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. हे मी सांगितलं, तसा पोरगा गप्प झाला.

"पण फोटो तर भारी आहे ना!" कंत्राटदार म्हणाले. "अंड्यांचा अन् फोटोचा काय संबंध?"

संबंध आहे. आम्ही सहा जणांनी टेबल बडवून "वा" म्हटलं असतं, तर पुढच्या मे महिन्यात सहाही जण कॅमेरे घेऊन टिटवीच्या उरावर बसले असते. चेकवरची सही सुरेख आहे म्हणून तो पास होत नाही. पैसे कोणाच्या खात्यातून जाणार तेही बघावं लागतं.

पोरगा दोन रविवार आला नाही. औषधवाले मला म्हणाले, "तुम्ही पोराचा हुरूपच मारला." मी चहात बिस्किट बुडवत राहिलो, ते विरघळून तळाला गेलं.

तिसऱ्या रविवारी स्वारी हजर. लांबून, बांधाच्या पलीकडून घेतलेला फोटो. टिटवी बोटाच्या पेराएवढी, पोट ओलं, पाय जरा वाकवून अंड्यांवर उभी. कंत्राटदार म्हणाले, "पक्षी बारीक आला." थोरल्या मास्तरांनी रेघा मोजल्या आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे युरियाचं पांढरं पोतं काप. नजर तिथंच जाते."

"जाऊ द्या ना मास्तर," पोरगा म्हणाला. "म्यानंच ठेवलं ते काठीला बांधून. वखरणीचा ट्रॅक्टर यायचा होता, डायव्हरला दिसाया पाहिजे."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"मग पोतं राहू दे," मी म्हटलं. "उजवीकडचं मोटरसायकलचं चाक तेवढं काप."